अंग खाटेवर, डोकं दुकानात

मागच्या पोळ्यानंतर मारेगावकडचे एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. पांढरकवड्याला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून हंगामात येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे आधी माझी नजर जाते. यांच्या हातात पंप नव्हता.

"यासीनभाऊ तुम्हीच का? तुम्हाले तो हातपाय जायचा आजार झालता म्हणते. माह्या बायकोले तोच झाला. मोठ्या दवाखान्यात आहे, मशीनवर. मले एकच सांगा. माणूस पुन्हा चालते का?"

मी म्हणालो, "चालते. मी चाललो."

तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. मग मी गल्ल्यामागून उठलो, बाहेर आलो आणि दुकानासमोर दहा-बारा पावलं चालून दाखवली. ते माझ्या पायांकडेच बघत राहिले आणि तिथेच, पंपांच्या ढिगाजवळ, रडायला लागले.

ते गेल्यावर माझी बायको नसीम आतून म्हणाली, "फक्त पाय दाखवले? बाकीचं कोण सांगीन त्याले?"

म्हणून हे लिहितो आहे. घरी आम्ही आमची हिंदी बोलतो, बाहेर वऱ्हाडी. पण बारावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे लिहायला हीच भाषा हाताशी आहे. आजाराची शास्त्रीय माहिती डॉक्टर देतील. मला जे झालं, ते सांगतो.

पायांना मुंग्या

ते बोंडअळीचं वर्ष होतं. कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि अळी काही मरत नव्हती. जिथे एक फवारणी पुरायची, तिथे लोक तीन-तीन मारत होते. साहजिकच पंप बिघडत होते आणि माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचं नोझल तुंबलेलं, कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाची टाकी गळकी. प्रत्येकाला आजच पाहिजे. मी सकाळी सातला बसायचो आणि जेवणसुद्धा त्याच स्टुलावर करायचो. खरं सांगतो, मला ते आवडायचं. चार माणसं आपल्या तोंडाकडे बघत उभी आहेत, आपल्याशिवाय त्यांचं अडलं आहे, यात एक नशा असते.

मध्ये तीन दिवस पोट बिघडलं. गोळ्या खाल्ल्या, विसरून गेलो. पंधरा दिवसांनी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, मांडी घालून फार वेळ बसल्यावर येतात तशा. दुसऱ्या दिवशी हातातून पंपाचे वायसर, म्हणजे रबरी वॉशर, सुटायला लागले. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलला किक बसेना. मी गाडीलाच शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी सकाळी संडासात बसलो तो उठताच आलं नाही. नसीमनं बाहेरून कडी तोडली आणि माझा मोठा भाऊ हनीफभाई, ज्याचं शेजारीच शिलाईचं दुकान आहे, त्यानं मला पोत्यासारखं उचललं.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं माझ्या गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला नाही. दुसऱ्यावर ठोकलं. तोही नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसले. डॉक्टर बसतो तेव्हा गोष्ट साधी नसते, एवढं मला कळलं.

"शरीराची रोगाशी लढायची जी ताकद असते, ती चुकून तुमच्याच नसांवर उलटली आहे," ते म्हणाले. "कमजोरी पायांपासून वर चढते आहे. श्वासापर्यंत येऊ शकते. आली तर मशीन लावू. नंतर ती उतरते. बहुतेकांची उतरते, पण वेळ लागतो."

मी विचारलं, "किती वेळ? हंगाम सुरू आहे."

त्यांनी हातोडी खिशात ठेवली. "आधी श्वासाचं बघू," म्हणाले.

माझा श्वास बंद पडू शकतो, असं एक माणूस मला समोर बसून सांगत होता आणि मला त्याचा राग येत होता. कारण त्यानं तारीख दिली नव्हती. दुकानात चाळीसेक पंप पडले होते.

डोळे

श्वासापर्यंत आलंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गळ्यात नळी गेली आणि पुढचे तेवीस दिवस मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं. हात नाही, पाय नाही, मान नाही, आवाज नाही. फक्त पापण्या हलत होत्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही. ही युक्ती एका सिस्टरनं शिकवली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

यात शुद्ध जात नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. मला सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी पायथ्याशी उभं राहून "याचं काही खरं नाही आता" म्हणालं, तेही ऐकलं. तो आवाज मी ओळखतो. माणसाचं नाव लिहीत नाही, त्याला वाईट वाटेल.

सकाळी अंग पुसायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची. नळीतून घशातला कफ ओढायचा, तेव्हा वाटायचं जीवच ओढला जातो आहे. पण सगळ्यात मोठा छळ कशाचा असेल, तर नाकाला खाज सुटण्याचा. हसू नका. खाज सुटली आहे, हात चार बोटांवर पडला आहे आणि तो आपला नाही. सफाईच्या मावशी एक दिवस पोछा मारता मारता थांबल्या, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय बाप्पा, नाक खाजवू का?" मी एकदाच पापण्या मिटल्या. त्यांनी साडीच्या पदरानं नाक पुसलं, खाजवलं. त्यानंतर रोज येता-जाता त्या न विचारता तेवढं काम करून जात. आयुष्यात मला पुष्कळ गोष्टी मिळाल्या आहेत, पण त्यांची मनात यादी केली तर हे नाक खाजवणं बरंच वर येतं.

हनीफभाई रोज दुपारी भेटीच्या वेळेत आत यायचा. माझी नखं कापायचा, तोंडातून गळणारी लाळ पुसायचा. एवढा मोठा भाऊ, ज्याच्यासमोर मी अजून खुर्चीवर बसत नाही, तो माझी लाळ पुसत होता. पुसता पुसता समजावायचा, "यासीन, अल्लाहनं तुझे हातपाय थांबवले ते उगाच नाही. चाळीस वर्षं तू बाहेर बघितलं. आता अंदर देख. हा मौका आहे."

मला त्याचं पटायचं. मी खरंच प्रयत्न केला. डोळे मिटून आत बघायला लागलो. आत काय दिसलं सांगू? नोझल. वायसर. खिडकीजवळ ठेवलेला निळा बॅटरीवाला पंप, ज्याचं चार्जर वेगळ्या पिशवीत होतं आणि ती पिशवी कुणी हलवली तर सापडणार नाही. कलमा म्हणायला लागलो की तिसऱ्या शब्दावर चार्जर. मरणाच्या दारात माणसाला मोठे मोठे विचार येतात असं मी ऐकलं होतं. मला चार्जरचा विचार येत होता आणि त्याची लाज वाटत होती. असं वाटायचं की भाईच्या परीक्षेत मी नापास होतो आहे.

मला दिसलं नाही

बाराव्या-तेराव्या दिवशी नसीम म्हणाली, "सनाचे अब्बू, मी उद्या दुकान उघडते."

सना आमची मुलगी, तेव्हा अकरावीत होती आणि मावशीकडे ठेवली होती. नसीमनं लग्नानंतरची सतरा वर्षं घरी बसून माझ्यासाठी रबरी वायसर कापले, पट्टे शिवले, पण दुकानाच्या ओट्यावर ती कधी बसली नव्हती. आमच्यात बाईनं बाजारात बसायची रीत नाही, असं मी सांगत आलो होतो. खरं कारण वेगळं होतं. ते स्टूल माझं होतं.

मी दोनदा पापण्या मिटल्या. नाही.

"लोक पंप मागायला घरी येऊन राह्यले. कुलूप तोडू म्हणते एक जण."

दोनदा. दोनदा. दोनदा. पापण्यांची इतकी उघडझाप केली की डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या हातात उरलेली ती एवढीच सत्ता होती.

नसीमनं ते पाणी पुसलं आणि उभी राहिली. "मले काही दिसलं नाही," ती म्हणाली. "मी एसटीनं जाते, परवा येते. तोवर भाईजान आहे."

हनीफभाई तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. मी पण नाही, पण माझं न बोलणं कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

मग ती एक दिवसाआड यायची. दोन-अडीच तासांचा प्रवास करून येऊन खाटेजवळ बसायची आणि हिशेब सांगावा तसं सांगायची. आज नऊ पंप दिले. निळ्याचं चार्जर सापडलं, पिशवी उंदरानं कुरतडली होती. एक माणूस म्हणाला बाईले काय समजते, त्याचा पंप त्याच्यासमोर उघडून लावून दिला. ती बोलताना तिचे हात हलायचे आणि बोटांवर ग्रीस असायचं. मला राग येत होता. आणि, हेही लिहायला हवं, मी तिची वाट बघत होतो.

शेजारची खाट

मशीन सुटलं, गळ्यातली नळी निघाली, तेव्हा मला मोठ्या वॉर्डात आणलं. आवाज परत आला होता, फुटक्या भोंग्यासारखा. मान वळत होती. हातपाय अजून लाकडाचे.

त्या हंगामात वॉर्डात फवारणी करताना विष अंगात गेलेली माणसं बरीच होती. माझ्या डाव्या खाटेवर असेच एक म्हातारे होते, झरी जामणीकडच्या एका पोडातले, म्हणजे कोलामांच्या वस्तीतले. लेतूबाबा. अंगानं काटकुळे. डोळ्यांना अंधुक दिसायचं, हात कापायचे. त्यांची मुलगी सोबत होती, तिच्याशी ते कोलामीत बोलायचे आणि माझ्याशी वऱ्हाडीत. बोलायचे थोडंच. माझ्या तोंडावर माशी बसली की चाचपडत टॉवेल फिरवायचे. नेम चुकायचा, टॉवेल कधी माझ्या कानावर लागायचा, पण माशी उडायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी विचारलं, "बाबा, औषध तोंडात गेलं का?"

"नाही," ते म्हणाले. "पाठीतून गेलं."

"पाठीतून?"

"पंप गये ना बाप्पा, थेंब थेंब. मालकाचा पंप. ट्यूबाची पट्टी लावलेली होती टाकीले. सकायपासून मारून राह्यलो तं पाठ ओली, चड्डी ओली. मले वाटे घाम असन. तिसऱ्या दिवशी डोयाले अंधारी आली, पडलो कपाशीच्या तासातच."

आणि ते कूस बदलून झोपले.

मी छताकडे बघत राहिलो. ट्यूबची पट्टी म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. टाकीला तडा गेला की टाकी बदलायची असते. नवी टाकी नागपूरहून येईपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापायची, फट बुजवायचं लुकण लावायचं, करकचून बांधायचं. "आजचा दिवस काढून दे भाऊ," गिऱ्हाईक म्हणायचं. "चालते, चालते," मी म्हणायचो. त्या हंगामात असे किती पंप मी दिले? तीस तरी. झरीकडच्या मालकांचे पंप माझ्याकडे येत होते. लेतूबाबांच्या मालकाचं नाव विचारायला माझं तोंड उघडलं आणि बंद झालं. नाव ऐकायची माझी हिंमत नव्हती.

महिनाभर मी रोज पंपांचा विचार करत होतो. एकेक पंप डोळ्यांसमोर आणत होतो. पण तो कुणाच्या पाठीवर चढतो, हे एकदाही डोळ्यांसमोर आलं नव्हतं. मालक पंप आणतो आणि मालक घेऊन जातो. पाठ दुकानात येत नाही.

त्या दुपारी मी रडलो. डोळे पुसायला हात नव्हते, म्हणून पाणी कानात जात राहिलं. हनीफभाईला वाटलं मी आजाराला घाबरून रडतो आहे. तो दुआ म्हणायला लागला. मी त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नसीम आली तेव्हा तिला जवळ वाकायला सांगितलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. तिच्या बोटांवरचं ग्रीस ती दुसऱ्या हाताच्या नखानं खरवडत होती. शेवटी म्हणाली, "काल मी बी दोन पट्ट्या लावून दिल्या. तुमचंच पाहून शिकली."

आणि ती उठली. त्या दिवशी जेमतेम अर्धा तास थांबून ती परतीच्या एसटीनं गेली. ते दोन पंप तिनं कसे परत मागवले, कुणाकुणाला फोन केले, लोकांनी काय काय सुनावलं, ते तिनं मला खूप नंतर सांगितलं. त्यानंतर आमच्या दुकानातून पट्टी लावलेली टाकी बाहेर गेली नाही. दुरुस्त झालेला प्रत्येक पंप ती साध्या पाण्यानं भरते, स्वतःच्या पाठीवर चढवते, मागच्या अंगणात फवारते आणि मग पाठीला हात लावून बघते. बाजारात लोक हसायचे. हनीफभाईनं सुरुवातीला दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं, लोकांना दिसू नये म्हणून. हंगाम संपता संपता तोच तिच्या जेवणाच्या वेळी गल्ल्यावर बसायला लागला.

लेतूबाबांना सुट्टी झाली तेव्हा ते माझ्या खाटेजवळ आले. कापता हात माझ्या कपाळावर ठेवला. "येतो मंग," म्हणाले. पोडाचं नाव सांगितलं, "बरा झाला की ये." मला बोलायचं होतं. आवाज होता, वेळ होता. मी फक्त "हो" म्हणालो.

घरी

घरी आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. चारचाकी गाडीतून मला उतरवताना गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली होती आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

हे लिहिणं अवघड आहे, पण ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांच्यासाठी लिहितो. दवाखान्यात मी चांगला होतो. घरी आल्यावर वाईट झालो. पाण्याचा पेला दोन मिनिटं उशिरा आला तर ओरडायचो. एकदा सनानं घास भरवताना वरण माझ्या गळ्यावर सांडलं, तर मी तिला असं काही बोललो की ती ताट ठेवून निघून गेली आणि दोन दिवस समोर आली नाही. त्या वेळी मी तिला हाक मारायला हवी होती. मारली नाही. तिसऱ्या दिवशी नसीमनं दारात उभं राहून सांगितलं, "तुमचे हात गेले म्हणून आम्ही तुमचे हात झालो. आता तुम्ही आम्हालेच मारून राह्यले." मी सनाला बोलावलं. माफी मागितली. मुलीची माफी मागायची ती माझी पहिली वेळ. ती म्हणाली, "अब्बू, वरण गरम होतं ना?" बस, तेवढंच.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मॅडमनी बोटांसाठी एक काम दिलं. कापूस घ्यायचा आणि बोटांनी त्यातली सरकी वेगळी करायची. आमच्याकडे कापसाला काय तोटा? पहिल्या दिवशी तासाभरात एक सरकी निघाली. मी ती वाटीत टाकली तर तिचा आवाज आला. आठवड्यानं पाच निघाल्या. संक्रांतीपर्यंत वाटी भरायला लागली. जानेवारीत भिंत धरून उभा राहिलो. उभं राहिल्यावर घर वेगळंच दिसलं, कपाटावर केवढी धूळ होती!

लोक विचारतात

"एवढ्या आजारातून उठला, आता माणूस बदलला असशील," असं सगळेच म्हणतात. पोट भरून जेवलास का, असं विचारावं तसं विचारतात.

मी खरं सांगतो. नमाजला उभा राहिलो की अजूनही मध्येच नोझल येतं. राग येतो. गिऱ्हाईक समोर उभं असलं की मान ताठ होते. आत प्रकाश पडला, मन शांत झालं, असं मला काही झालेलं नाही. ज्यांना होत असेल ते नशीबवान.

पण हनीफभाई म्हणायचा तसं आत बघायला मी जेव्हा निघालो, तेव्हा मला वाटत होतं की दुकान सोडून कुठेतरी दुसरीकडे जायचं आहे. मी दुकानातच अडकलो म्हणून स्वतःला दोष देत होतो. आता वाटतं, दुकानात अडकलो ते ठीकच झालं. फक्त दुकान पूर्ण बघितलं नव्हतं. भाईला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मशिदीतही लोक चपलांचाच विचार करतात." मग दोघंही हसलो.

जे आत्ता खाटेवर आहेत त्यांना एवढंच सांगेन. मनात घरच्याच गोष्टी येतील, गॅस, मुलांची फी, गायीचा चारा. येऊ द्या. लाज बाळगू नका. आणि जे खाटेशेजारी बसले आहेत त्यांनी माणसाला उपदेश करण्याआधी नाक खाजवू का, ते विचारावं.

पोडावर

उन्हाळ्यात, मोहफुलं वेचून झाल्यावर, हनीफभाईच्या मोटरसायकलवर मागे बसून मी झरी जामणीकडे गेलो. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी तो विचारायचा, "धरलं ना नीट?" आमच्या केळापूर तालुक्याची हद्द संपेपर्यंत मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. पोड आलं तेव्हा सगळं विसरलो.

लेतूबाबा झोपडीसमोर बकऱ्यांसाठी पाला तोडत बसले होते. कपाळावर हात आडवा धरून बघत राहिले. मी अगदी जवळ गेलो तेव्हा ओळखलं.

"अरे, खाटेवरचा! पाह्य, उभा झाला!" त्यांनी मुलीला हाक मारली. माझे दंड चाचपून बघितले, गुडघे चाचपले, जसं काही बैल विकत घेत आहेत.

काळा चहा आला. मी पेला दोन्ही हातांनी धरला आणि म्हणालो, "बाबा, एक गोष्ट तुम्हाले दवाखान्यात सांगाची होती. मी पंप दुरुस्त करतो."

"मालूम आहे."

"कसं काय?"

"तुही बायको येये अन् खाटेपाशी बसून पंपाचीच गोष्ट करे. नऊ झाले, दहा झाले. माह्ये डोये गेलते, कान कुठं गेलते?"

"मंग मले काही बोलले काहून नाही?"

"तुले तोंडावरची माशी हाकलता येत नव्हती," ते म्हणाले. "तुले काय बोलू?"

हनीफभाई दुसरीकडे बघत होता. मग मी सांगून टाकलं. पट्ट्यांचं, लुकणाचं, "आजचा दिवस काढ"चं, सगळं. "तुमचा पंप माह्याच दुकानातला होता का, मले ठाऊक नाही बाबा. असू शकते."

ते पाला तोडत होते तो हात थांबला.

"असन," ते म्हणाले. "नसन बी. पण कोणी तरी तं लावली होती पट्टी."

त्यांनी माफ केलं म्हटलं नाही. मीही माफी मागितली नाही. तशी मागितली असती तर त्यांना ती द्यावीच लागली असती. ते उठले, कुडाला धरून आत गेले आणि एक पंप घेऊन आले. माझ्यासमोर मातीत ठेवला.

"आता मी नाही मारत. जावई मारते. मालकानं औंदा हा दुसरा देला. पाह्य बरं."

मी झाकण काढलं. तिथेच, उन्हात, मांडीवर घेऊन. आतल्या रबरी चकतीला चीर गेली होती आणि टाकीच्या तळाशी बारीक तडा होता, नखाला लागत होता.

"टाकी बदलावी लागन. घेऊन जातो. पैसे नाही घेणार मी."

"काहून नाही घेणार?" लेतूबाबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "फुकटात करशीन तं मेहेरबानी करशीन. मले मेहेरबानी नाही पायजे. नीट पंप पायजे. मालक देईन पैसे, मी मागतो त्याले."

हनीफभाईनं पंप गाडीला बांधायला दोरी काढली. मी नको म्हणालो, पट्टे खांद्यात घातले आणि तसाच मागे बसलो. रस्ताभर त्याची कड पाठीला टोचत होती.

नवी टाकी यायला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी लेतूबाबांचा जावई आला. नसीमनं पंप पाण्यानं भरला आणि या खेपेला स्वतः न घेता त्याच्याच पाठीवर चढवला. त्यानं अंगणात चार फेऱ्या मारल्या. नसीम, हनीफभाई आणि मी त्याच्या मागे चालत होतो, त्याच्या सदऱ्याकडे बघत. सदरा कोरडाच राहिला. मग त्यानं मालकाकडून आणलेले पैसे पुढे केले. इतरांकडून घेतो तेवढेच होते. मी मोजले, आणि घेतले.